वाद्यवृंदाचे उपासक : मेहली मेहता

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार व्यक्तीचा चरित्रपरिचय द्यावा, हा प्रघात सर्वत्र रूढ आहे. आज आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते आमच्या ज्ञातीचे नव्हते. ते मुंबईचे पारशी गृहस्थ होते, आणि ज्या संगीताची त्यांनी आयुष्यभर सेवा केली, ते संगीतही आमच्या घराघरांतून ऐकू येणारे नव्हे. तथापि चरित्राचा उपयोग केवळ आप्तस्वकीयांचे गोडवे गाण्यासाठी करावयाचा नसतो. ज्या आयुष्यापासून आमच्या तरुणांना काही घेता येईल ते आयुष्य परके मानू नये, अशी आमची धारणा आहे. आणि मेहली मेहता यांचे आयुष्य तसे होते.

झुबिन मेहता हे नाव ठाऊक नाही असा सुशिक्षित मुंबईकर विरळा. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल येथील बलाढ्य वाद्यवृंदांचे संचालक म्हणून त्यांची कीर्ती दिगंत झाली. परंतु पुत्राच्या कीर्तीचा प्रकाश जितका प्रखर, तितकी पित्याची आकृती सामान्य वाचकास अंधूक दिसते. झुबिन यांचे वडील व्हायोलिन वाजवीत असत, एवढेच बहुतेकांस माहीत असते. ते काय वाजवीत, कोठे बसून वाजवीत, आणि त्यांना ही मुंबई सोडून का जावे लागले, हे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

मेहली नवरोजी मेहता यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबई येथे झाला. त्या काळची मुंबई म्हणजे एका अंगाने परळ-लालबागच्या गिरण्यांची मुंबई आणि दुसऱ्या अंगाने कोट-कुलाब्याची मुंबई. पाश्चात्त्य संगीताचा वावर मुख्यतः त्या दुसऱ्या मुंबईत असे. पलटणींचे बँड, चर्चमधील गायनवादन, क्लबांतील नृत्यसंगीत, आणि मूकपटांच्या काळी पडद्यासमोर बसून वाजविणारे वादक, एवढ्यापुरता त्याचा विस्तार होता. या वादकांत गोमंतकीय मंडळींचा भरणा मोठा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचण्याचे व व्हायोलिन धरण्याचे शिक्षण मिळे. त्या शिदोरीवर अनेक तरुण पोटासाठी मुंबईस येत. पारशी समाजातील काही कुटुंबांनाही या संगीताची गोडी लागली होती. तथापि जेथे पाश्चात्त्य संगीताचे समग्र शिक्षण मिळावे, असे एकही विद्यापीठ वा संगीतशाळा या शहरात नव्हती.

अशा परिस्थितीत मेहलींनी व्हायोलिन आपलेसे केले. मुंबई विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले आणि १९२९ मध्ये लंडनच्या ट्रिनिटी संगीत महाविद्यालयाची पदविका त्यांनी मिळविली. परंतु त्यांचा खरा अभ्यास ग्रामोफोनच्या तबकड्यांसमोर झाला. थोर वादकांच्या तबकड्या पुनःपुन्हा लावावयाच्या, गजाचा एकेक फिरावा कानाने टिपावयाचा आणि तो आपल्या हातात उतरतो का ते पाहावयाचे, ही त्यांची तालीम होती. एकलव्याची उपमा आमच्या लेखनात वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे हे खरे. पण गुरूच्या प्रतिमेऐवजी गुरूचा ध्वनी समोर ठेवून शिकणाऱ्या या तरुणास ती शोभून दिसते.

येथे वाद्यवृंदाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्या संगीतात एक गायक वा वादक मध्यभागी असतो आणि साथीदार त्याला साथ करतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ऐंशी-शंभर वादक एकत्र बसतात आणि प्रत्येकाने काय वाजवावयाचे ते रचनाकाराने कागदावर लिहून ठेविलेले असते. त्यांत व्हायोलिनेच तीसच्या आसपास असतात. त्यांचे पहिली व दुसरी असे दोन विभाग पडतात. दोन वादकांत मिळून एक कागद असतो, आणि पान उलटण्याचे काम दोघांपैकी आतल्या बाजूच्या वादकाकडे असते. विभागातील सर्वांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेले पाहिजेत, असा दंडक असतो. गज कोठे वळवावयाचा ते पहिल्या आसनावरचा अग्रवादक ठरवितो आणि बाकीचे ते पेन्सिलीने आपापल्या कागदांवर उतरवून घेतात. संचालक सर्वांपुढे उभा राहतो. परंतु सबंध सभागृहात वादनाचा एकही स्वर न काढणारा कलावंत तोच असतो. त्याचे वाद्य म्हणजे समोरची माणसे. म्हणून त्या माणसांच्या पंक्तीत बसण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याचा हात त्यांना लवकर कळतो. मेहली मेहतांच्या आयुष्याचे मर्म या आसनव्यवस्थेत सापडते.

१९३४ मध्ये वाल्टर काउफमान नावाचे झेक ज्यू संगीतकार युरोपातील नाझी संकटामुळे मुंबईस आले. आकाशवाणीची परिचित सूचक धून ज्यांच्या नावावर सांगितली जाते, ते हेच. त्यांच्यासमवेत मेहलींनी बाँबे चेंबर म्युझिक सोसायटीच्या कार्यात भाग घेतला. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात या मंडळींचे वादन होत असे. पुढील वर्षी, म्हणजे १९३५ मध्ये, मेहलींनी बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

हा वाद्यवृंद कोणाचा होता, हे पाहण्यासारखे आहे. त्यांत हौशी पारशी होते, गोमंतकीय व्यावसायिक होते, मुंबईत वास्तव्य करणारे युरोपियन होते, हिटलरच्या राज्यातून निसटून आलेले निर्वासित होते. आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील वादकांवर अवलंबून राहावे लागे. बहुतेकांची उपजीविका दुसऱ्याच कशावर तरी चालत असे. तालमीसाठी दिवसाचे काम संपवून जमावयाचे, हाच नियम. एक वादक बदलीवर गेला अथवा एक पलटण हलली, तर वाद्यवृंदाचा एक अवयवच गळून पडे. तरीही कावसजी जहांगीर सभागृहात या मंडळींनी मोझार्ट, बेथोव्हेन, ब्राम्स मुंबईकरांना ऐकविले.

या वाद्यवृंदाचे संस्थापक असूनही मेहलींनी पहिली दहा वर्षे अग्रवादकाचे आसन सांभाळले. ज्यूल क्रेन यांच्यासारखे बेल्जियन संचालक पुढे उभे राहत आणि मेहली व्हायोलिनांच्या पहिल्या आसनावर बसत. संस्था आपण काढली म्हणून तिची काठीही आपल्याच हाती हवी, असा आग्रह त्यांनी धरला नाही. सार्वजनिक संस्थांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या संयमाचे मोल सांगावयास नको. १९४० मध्ये त्यांनी बाँबे स्ट्रिंग क्वार्टेट हा चार तंतुवाद्यांचा संचही उभा केला. त्याच्या तालमींच्या स्वरांत मेहता कुटुंबातील दोन मुले वाढत होती : २९ एप्रिल १९३६ रोजी जन्मलेले झुबिन आणि त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान झरीन. इतर मुलांना पाढे पाठ व्हावेत तशा झुबिन यांना सिंफनी पाठ झाल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९४५ साली महायुद्ध संपले आणि मेहली न्यूयॉर्कला गेले. तेथे इव्हान गॅलामियन हे व्हायोलिनचे महान शिक्षक होते; पुढे इत्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. या गुरूपुढे मेहली विद्यार्थी म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. स्वतःच्या शहरात ज्याला व्हायोलिनवादकांचा अग्रणी मानीत, त्याने तबकड्यांवरून शिकलेले सर्व पुन्हा तपासावयाचे, बोटांच्या व गजाच्या सवयी मोडावयाच्या आणि नव्या लावावयाच्या, हे सोपे नव्हे. कलावंतास अपयशापेक्षाही आपल्या कीर्तीतून बाहेर पडणे जड जाते.

या शिक्षणाचे मोल केवळ त्यांनीच मोजले नाही. सुमारे चार वर्षे ते दूर होते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना यांनी दोन मुलांसह मुंबईतील संसार एकट्याने सांभाळला. थोरांच्या चरित्रांत अशा वर्षांची बोळवण एका ओळीत करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु नऊ वर्षांचा मुलगा तेरा वर्षांचा होईपर्यंत पित्यावाचून राहतो, त्या काळातील प्रत्येक दिवस कोणीतरी निभावलेला असतो. मेहलींच्या व्हायोलिनच्या स्वरांत तेहमिनाबाईंचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

परतल्यावर मेहली आता संचालक म्हणून बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रापुढे उभे राहिले. १९५२ मध्ये विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन प्रथमच भारतात आले आणि दुष्काळनिवारणासाठी त्यांनी येथे वादन केले. मेन्यूहिन यांच्याशी मेहता कुटुंबाचा स्नेह जुळला. याच सुमारास कुमारवयातील झुबिन यांनी पित्याच्या वाद्यवृंदाची तालीम घेण्यासाठी प्रथम हात उचलला. घरच्यांची इच्छा मुलाने वैद्य व्हावे अशी होती, आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात झुबिन यांनी त्या दिशेने अभ्यासही सुरू केला होता. पण ज्या घराच्या भिंतींतून ब्राम्स झिरपला, त्या घरातील मुलाला शवविच्छेदनात रस कसा वाटावा? १९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, झुबिन व्हिएन्नाला संगीत शिकावयास गेले.

मात्र मुंबईतील वाद्यवृंदाचे दिवस फिरले होते. १९४६ मध्ये काउफमान निघून गेले. १९४७ नंतर युरोपियन रहिवासी क्रमाक्रमाने मायदेशी परतले, निर्वासितांनी दुसरे आश्रय शोधले, आणि लष्करी बँडांची जुनी व्यवस्था पालटली. उरलेल्या व्यावसायिक वादकांना बोलपटसृष्टीने बोलाविले. याच वर्षांत परळचे राजकमल कलामंदिर आणि दादरचे स्टुडिओ गजबजले होते. हिंदी चित्रपटगीतांच्या मागे व्हायोलिनांच्या रांगा वाढत होत्या, आणि व्हायोलिनची पेटी हाती घेऊन चाललेला गोमंतकीय वादक आमच्या भागातील रस्त्यांवर नवलाचा राहिला नव्हता. त्या वादकांस दोष देण्याचे कारण नाही. संसार असलेल्या माणसाने जेथे रोजचे पैसे मिळतात तेथे जावे, हे न्याय्यच आहे. परंतु सिंफनी वाजविणाऱ्या वादकास महिन्याचे वेतन देणारी संस्था या श्रीमंत नगरीत उभी राहिली नाही. वीस वर्षांच्या खटपटीनंतर मेहलींपुढे दोन मार्ग उरले : संगीत हा आवडीचा छंद म्हणून ठेवावयाचा, अथवा जेथे तो व्यवसाय होऊ शकतो तेथे जावयाचे.

१९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात उपअग्रवादक म्हणून रुजू झाले. मँचेस्टर हे नाव आमच्या गिरणगावाला चांगलेच परिचित आहे. त्या कापसाच्या शहराशी स्पर्धा करीतच आमच्या गिरण्या वाढल्या. परंतु त्याच गिरण्यांच्या शहराने १८५८ पासून स्वतःचा वाद्यवृंद सांभाळला होता, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. सर जॉन बार्बिरोली हे त्या वेळी त्याचे संचालक होते. ते स्वतः मूळचे चेलोवादक, म्हणजे पंक्तीतून उठून पुढे आलेले संचालक.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. वयाची पंचेचाळिशी उलटलेली. मुंबईत वाद्यवृंदाचे संस्थापक, अग्रवादक आणि संचालक अशा तिन्ही पदव्या भोगून झालेल्या. आणि आता परक्या, धुरकट, थंड शहरात दुसऱ्याच्या काठीकडे पाहत, दुसऱ्या अग्रवादकाच्या शेजारी बसून वाजवावयाचे. अनेकांनी यास अधोगती म्हटले असते. मेहलींनी मात्र ती पाच-एक वर्षे शाळेसारखी वापरली. मुंबईत जे त्यांनी जमेल तसे उभे केले होते, ते रोजच्या शिस्तीत कसे चालते हे त्यांनी आतून पाहिले. सकाळी तालीम, सायंकाळी वादन, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी तोच कार्यक्रम, आणि तरीही गजात आळस शिरू द्यावयाचा नाही, ही विद्या ग्रामोफोनच्या तबकडीत मिळत नाही.

१९५९ मध्ये ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले आणि प्रसिद्ध कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवू लागले. चौघांच्या संचात संचालक नसतो. पहिले व्हायोलिन बहुधा गीत गाते, चेलो पाया धरतो, आणि दुसरे व्हायोलिन व व्हायोला मधली जागा भरून काढतात. दुसऱ्या व्हायोलिनची वाहवा क्वचितच होते. पण ते डळमळले की सबंध इमारत हलते. अशा रीतीने पन्नाशी ओलांडल्यावर मेहलींनी आणखी एक आसन अनुभवले. पहिले, शेजारचे, दुसरे अशी सर्व आसने पाहून झाली होती.

त्या अनुभवाचे चीज १९६४ मध्ये झाले. झुबिन १९६२ पासून लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संचालक होते. मेहली व तेहमिना त्या शहरी आले. मेहलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठात वाद्यवृंदविभाग हाती घेतला आणि तो १९७६ पर्यंत सांभाळला. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी हा तरुणांचा वाद्यवृंद स्थापन केला. शाळा-महाविद्यालयांतून वाजवावयास शिकलेला तरुण व्यावसायिक वाद्यवृंदात एकदम बसू शकत नाही. मधल्या काळात त्याला खऱ्या तालमीची, मोठ्या रचनांची आणि कठोर कानाची गरज असते. ती पोकळी मेहलींनी भरून काढली. कार्यक्रम रसिकांना विनामूल्य असत. मुंबईत व्यवसायाच्या अभावी मोडलेला मनोरा त्यांनी येथे पायापासून, म्हणजे शिक्षणापासून, पुन्हा रचला.

छप्पन्नाव्या वर्षी आरंभिलेले हे काम त्यांनी १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत केले. तेहतीस हंगाम एकच माणूस तरुणांच्या पुढे उभा राहिला. दर काही वर्षांनी जुने वादक मोठे होऊन जावयाचे आणि नवे कोवळे चेहरे यावयाचे. म्हणजे तयार झालेला वाद्यवृंद हातातून सुटावयाचा आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावयाचा. शिक्षकाच्या नशिबी हेच असते. या वाद्यवृंदातून बाहेर पडलेले अनेक वादक अमेरिकेतील नामांकित वाद्यवृंदांत जाऊन बसले. आपल्या मुलाची उंची जगाने पाहिली. आपल्या शिष्यांच्या पंक्ती मात्र त्या जाणकारांनाच दिसल्या. १९ ऑक्टोबर २००२ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात मेहलींचे देहावसान झाले.

आता एका प्रश्नास सामोरे जाणे आम्ही कर्तव्य समजतो. मेहली मुंबई सोडून गेले, तेव्हा मुंबईचे काय झाले? त्यांचा वाद्यवृंद पूर्वीच्या रूपात टिकला नाही. त्यांच्यासारखीच धडपड करणारे दुसरे व्हायोलिनवादक अँथनी गोन्सालव्हिस यांनी १९५८ मध्ये रागसंगीत आणि वाद्यवृंद यांचा मेळ घालणारे प्रयोग मुंबईत केले. चित्रपटसंगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य होत. तेही १९६५ च्या सुमारास अमेरिकेस गेले. एकामागून एक मोहरे दूर जातात, तेव्हा केवळ जाणाऱ्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मुंबईने मेहलींना घालवून दिले नाही. पण धरूनही ठेविले नाही. ज्या नगरीत गिरण्या, धक्के, पेढ्या यांसाठी भांडवल मिळे, तिला शंभर वादकांचे वेतन जड वाटावे, ही खंत त्यांच्या चरित्राशी कायमची जोडली गेली आहे.

सुदैवाने ऋणाची काही फेड झाली. १९९५ मध्ये मुंबईत मेहली मेहता यांच्या नावाने संगीतप्रतिष्ठान स्थापन झाले आणि तेथे लहान मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळू लागले. २००६ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्याचे अनेक वादक परदेशांतून येतात, यावरून काम किती बाकी आहे तेही कळते. उलटपक्षी, मेहलींनी अमेरिकेत लावलेला वृक्षही अमर ठरला नाही. द्रव्याच्या अडचणीमुळे अमेरिकन यूथ सिंफनी २०२४ मध्ये बंद झाला. श्रीमंत देशातही अशी संस्था आपोआप जगत नाही. प्रत्येक पिढीने तिचा भार नव्याने उचलावा लागतो. मँचेस्टरचा वाद्यवृंद टिकतो आणि दुसरा मावळतो, यातील भेद वादकांच्या गुणांत नसून त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या समाजाच्या चिकाटीत आहे.

आमच्या ज्ञातीतील तरुणांना या चरित्रापासून कोणता बोध घ्यावयाचा? आज प्रत्येकास पुढे उभे राहावयाचे असते. समारंभात व्यासपीठावर खुर्च्या अपुऱ्या पडतात आणि समोरच्या रांगा रिकाम्या दिसतात. मेहली मेहतांनी संस्था काढली आणि ते पंक्तीत बसले. संचालक झाले आणि पुन्हा पंक्तीत गेले. सदतिसाव्या वर्षी विद्यार्थी झाले आणि छप्पन्नाव्या वर्षी शिक्षक. कोणते आसन मिळाले यापेक्षा त्या आसनावरून स्वर खरा निघतो की नाही, एवढेच त्यांनी पाहिले. म्हणूनच अखेरीस त्यांच्या हातातील काठीला तरुण वादकांनी तीन दशकांहून अधिक काळ मान दिला.

आणि आमच्यासारख्या संस्थाचालकांना बोध याहून निराळा आहे. गुणी मुलाला शिष्यवृत्तीचे पाकीट देऊन टाळ्या वाजविणे सोपे असते. त्याच्या गुणावर त्याचा चरितार्थ चालेल अशी जागा निर्माण करणे कठीण असते. पहिले काम एका सायंकाळचे, दुसरे पिढ्यांचे. ते दुसरे काम आमच्या हातून थोडे जरी घडले, तरी या मुंबईच्या सुपुत्रास वाहिलेली आमची आदरांजली सार्थ होईल.